पुस्तकातलं ऑइल

वेळच्चेरी, चेन्नई
५ नोव्हेंबर २०२४

राणोजी भावजी,

राजसबाईचा नमस्कार. अक्षर ओळखलंत का? चौथीनंतर मी शाळा सोडली आणि मास्तरांनी देवाला नारळ फोडला, तेव्हापासून ते तसंच आहे. वाचून घ्या.

पत्र का लिहितेय ते सांगते. दसऱ्याला आपण फोन केला होता, आठवतंय? तुम्ही तिकडून "कोण?" आणि मी इकडून "काय?" दहा मिनिटं हेच. शेवटी तुमच्या लेकीने, भवानीने, आणि आमच्या प्राचीने आपापसात बोलून घेतलं आणि आपल्याला सांगितलं की दोघंही खुशाल आहेत. तर म्हटलं, कान गेले तरी डोळे आहेत. चष्म्याने का होईना.

बातमी अशी की आमची पांढरी गाडी परत रस्त्यावर यायचं म्हणतेय! मला इतका आनंद झालाय की धनलक्ष्मीला, म्हणजे आमच्या भांडीवालीला, मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पाटी, तेरियुम," म्हणजे आजी, कळलं. प्राची माझी नात, संकेतची मुलगी. तुम्ही पाहिलंत तेव्हा दात पडलेले होते, आता इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात नोकरीला आहे, गाड्यांच्या सीटा करतात तिथे. सगळ्या गावाच्या गाड्यांच्या सीटा करते आणि स्वतः कंपनीच्या बसमध्ये उभी राहून जाते. परवा लायसन घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, आजोबांची गाडी मी घेऊ?" पोरीचं मराठी म्हणजे इडलीवर पिठलं, पण हे वाक्य कसं स्वच्छ बोलली.

संकेत मात्र आडवा आला. जानेवारीत गाडीला पंचवीस वर्षं होतात, कागद संपतात, परत आरटीओची तपासणी. तो म्हणतो, "आई, ती धूर सोडते. भोगीला भंगारवाल्याला देऊन टाकू." आपल्याकडे भोगीला भाजी-भाकरी करतात आणि इथे घरातलं जुनं बाहेर काढतात, हे मी पन्नास वर्षं बघतेय, पण आमच्या घरात जुनं म्हणजे ती गाडी आणि मी. म्हटलं, दोघींनाही एकदमच घालव. शेवटी ठरलं असं, की तपासणीत पास झाली तर राहील, नाही झाली तर भोगीला जाईल. मी हो म्हणून बसलेय.

आता मला गाडी चालवता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. ह्यांनी एकदा शिकवायला घेतली आणि मी गिंडीच्या रेसकोर्सच्या भिंतीपर्यंत नेली. भिंत अजून आहे. पण डावीकडच्या सीटवर मी वीस वर्षं बसले. रविवारी मरीनाला जायचं, कागदाच्या पुडीतलं सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, मी सोलल्यासारखं एकेक खायचं, आणि हे काचेला हात टेकून सांगायचे, "राजस, वाळू आत आणू नकोस." हे गेले त्याला तीन वर्षं झाली. घरात फोटो आहे, हार आहे, पण मला ते फोटोत नाही सापडत. त्या सीटवर बसलं की सापडतात.

तर मुद्दा. गिंडीतल्या तुमच्या जुन्या गॅरेजशेजारचा मुरुगेशन मेकॅनिक, तुमच्याच हाताखाली शिकलेला, येऊन गेला. म्हणाला, ऑइल डांबर झालंय, बदला. पण कुठलं घालायचं? तो म्हणतो जाड घाला. प्राचीचा फोन म्हणतो अगदी पातळ घाला, आजकाल सगळे तेच घालतात. मी ह्यांची गाडीची वही काढली. कपाटातली निळी, रेघांची. पहिल्या पानावर लिहिलंय, "ऑइल – १०डब्ल्यू-३०, पुस्तकाप्रमाणे." पुस्तक म्हणजे गाडीबरोबर आलेलं कंपनीचं. पुढच्या पानावरही तेच. पुढचं अजून वाचलं नाही, भिंग लावून वाचते, एका पानाला एक दुपार जाते.

ऑइल पहिल्यापासून तुमच्याच हातचं. तुम्हीच सांगा, जाड की पातळ की पुस्तकातलं? मला घट्ट-पातळ म्हटलं की लाडवाचा पाक तेवढा कळतो.

भवानीला आशीर्वाद.

राजसबाई

---

तंजावर, मेल वीधी
१२ नोव्हेंबर २०२४

अक्कांस राणोजीचा साष्टांग नमस्कार.

आपलें पत्र पावलें. भवानी मोठ्यानें वाचूं लागली तेव्हां मीं तिच्या हातून काढून घेतलें, कारण शेजारीं ऐकू जात होतें आणि रेसकोर्सच्या भिंतीची गोष्ट तंजावरांत पसरूं नये.

माझें लिहिणें जुन्या पोथीसारखें दिसतें म्हणून प्राचीनें हसूं नये. आमच्या आजीनें कीर्तनाच्या पोथीवरून अक्षर शिकविलें. तीनशें वर्षें ह्या गांवांत राहून आमची भाषा तिथेंच उभी राहिली, गाडी जशी तुमच्या पोर्चमध्यें.

गाडी चालणार हें वाचून फार बरें वाटलें. गुडघे नीट असते तर पहिल्या बसनें आलों असतों.

ऑइलचें काय सांगूं? साहेब फार नेमाचे माणूस. पेरांबूरला रेल्वेच्या डब्यांची तपासणी करीत, एक रिवेट कमी असला तर डबा परत. माझ्या गॅरेजांत इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन उभे राहात. मीं ऑइलचा डबा उघडण्यापूर्वीं चष्मा लावून डब्यावरचा आंकडा मोठ्यानें वाचीत आणि मग म्हणत, "ओत." असा माणूस मीं दुसरा पाहिला नाहीं. मेकॅनिकवर लक्ष ठेवावयास पुष्कळ लोक उभे राहातात, साहेब उभे राहात तें शाळेंत प्रार्थनेला उभें राहिल्यासारखें.

त्यांनीं वहींत लिहिलें आहे तर तें बरोबरच असेल. त्यांच्या वहीवर मीं काय बोलूं? मुरुगेशन हुशार आहे, त्यालाहि विचारावें.

येथें पाऊस बरा आहे.

आपला
राणोजी

---

वेळच्चेरी
२० नोव्हेंबर २०२४

राणोजी भावजी,

झालं काम! पुस्तकातलंच ऑइल घातलं. तुम्ही वहीवर शिक्कामोर्तब केलंत आणि मी मुरुगेशनकडे वही घेऊनच गेले, प्राचीबरोबर, ऑटोतून. गिंडी आता ओळखू येत नाही हो. तुमच्या गॅरेजच्या जागी काचेचं काहीतरी झालंय, आत माणसं गळ्यात पट्टे घालून कॉफी पितात. तुमचं चिंचेचं झाड मात्र आहे. त्याला मी हात लावून आले.

मुरुगेशन म्हणाला, "पाटी, वेण्डाम, नको, हे पातळ पडेल. इंजिनाचं वय झालंय." मी त्याच्यापुढे वही धरली. म्हटलं, वाच. त्याला मराठी कुठे येतंय! पण आकडे आले. मग मी ह्यांच्यासारखीच चष्मा लावून डब्यावरचं मोठ्याने वाचलं. दहा, मग ते इंग्रजी डब्ल्यू, मग तीस. आणि म्हटलं, "ओत." तमिळमध्ये म्हणायला पाहिजे होतं, पण त्याने ओतलं. काय रुबाब वाटला म्हणून सांगू! उगाच नव्हे हे एवढी वर्षं छत्री घेऊन उभे राहायचे.

ऑइल कसं सोनेरी होतं, मधासारखं. मी बोट बुडवून बघितलं. अंगठ्याला लावून बोट लांब केलं तर तार टिकेना, लगेच तुटली. पाक असता तर म्हटलं असतं, अजून दोन उकळ्या येऊ दे. पण पुस्तक म्हणतंय तर असेल.

बोटावरून आठवलं. हे तुमच्याकडून गाडीचं ऑइल बदलून आणायचे तो दिवस मला वासावरून कळायचा. हात न धुता सरळ स्वयंपाकघरात. मी म्हणायची, "अहो, आधी साबण!" तर अंगठा आणि बोट माझ्या नाकासमोर धरून हळूहळू लांब करायचे आणि ती काळपट तार माझ्या पातेल्यावर लोंबायची. ही सवय त्यांना माझ्यामुळेच लागली. नवीन लग्न झालेलं, पेरांबूरच्या क्वार्टर्समध्ये पहिल्यांदा रव्याचे लाडू केले, तेव्हा पाक कसा बघायचा ते मी ह्यांना दाखवलं. डब्यांचे रिवेट मोजणारा माणूस, पण एकतारी पाक बघून लहान मुलासारखा खूश झाला. एवढं शिकवलं मी त्यांना आयुष्यात. बाकी सगळं त्यांनी मला.

प्राचीने गाडी कॉलनीत दोन फेऱ्या फिरवली. मी डावीकडे. वळताना ती म्हणाली, "आजी, तू ब्रेक का दाबतेस? तिकडे ब्रेक नाहीये." वीस वर्षं दाबत होते, सवय कशी जाईल?

धूर अजून थोडा येतो. जाईल ना?

राजसबाई

---

तंजावर
२६ नोव्हेंबर २०२४

अक्का,

पत्र आजच मिळालें. गाडी सध्यां लांब नेऊं नये. चढावर तर नकोच. समोरच्या पाटीवर तेलाच्या झारीसारखें तांबडें चित्र असतें, तो दिवा लागला तर तेथेंच बंद करावी. मुरुगेशन काय म्हणाला तें पुन्हां ऐकावें.

जास्त लिहीत नाहीं. आजच टपाल निघतें.

राणोजी

---

वेळच्चेरी
५ डिसेंबर २०२४

राणोजी भावजी,

तुमचं कार्ड आलं, पण वादळ आधी आलं.

शुक्रवारी सकाळपासून सगळे सांगत होते, समुद्रावरून येतंय, वेळच्चेरीत पाणी भरणार. आता पाणी भरणार म्हटलं की इथली माणसं आधी दूध आणतात आणि मग गाडी पुलावर नेऊन लावतात. पुलावर पाणी चढत नाही ना. सगळ्या कॉलनीच्या गाड्या लग्नाच्या वरातीसारख्या निघाल्या. संकेतची नवी गाडी गेली. प्राची म्हणाली, आजोबांची पण न्यायची. संकेत म्हणाला, राहू दे, बुडाली तर बुडाली. हे ऐकून मी चपला घातल्या आणि डावीकडे जाऊन बसले. उतरवायची हिंमत कोणाची?

पुलाच्या चढावर रांग लागलेली. एक हात पुढे जायचं, थांबायचं. इंजिन तापलं. आणि तुमची ती तांबडी झारी लागली. आधी लुकलुकली, मग लागूनच राहिली. आतून टकटक टकटक, शिलाई मशीनमध्ये खडा गेल्यासारखी. मागे निळा धूर, मागचा हॉर्न मारतोय, त्याच्या मागचा त्याच्यावर मारतोय. प्राची रडकुंडीला आली. मी म्हटलं, "बंद कर. किल्ली काढ." चार माणसांनी उतरून गाडी ढकलली आणि कठड्याला लावली. देव त्यांचं भलं करो. पाऊस सुरूच होता.

रविवारी मुरुगेशन ओढून घेऊन गेला. ऑइल काढून बघितलं, कान लावून ऐकलं. म्हणाला, "उयिर इरुक्कु," म्हणजे जीव आहे. मला उलट बसायला स्टूल पुसून दिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

संकेतने भंगारवाल्याला फोन करून ठेवलाय. १३ जानेवारी, भोगी. तपासणीची तारीख ९ मिळालीय, पण तो म्हणतो आता कशाला जायचं? प्राची दोन दिवस आपल्या खोलीतच जेवली. मग रात्रीचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, आजोबांनी चुकीचं लिहिलंय का?" राणोजी भावजी, एवढ्या वर्षांत ह्या घरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ह्यांची वही खोटी कशी असेल? आणि खरी असेल तर गाडी एवढी वर्षं त्याच ऑइलवर सुरळीत चालली कशी, आणि आत्ताच का मरायला टेकली?

मला एवढंच सांगा. तुम्हाला माहीत असणारच.

राजसबाई

---

तंजावर, मेल वीधी
१० डिसेंबर २०२४

अक्कांस,

हें पत्र मीं तीन वेळां लिहून फाडलें. भवानी म्हणते, "अप्पा, कागद संपेल."

साहेबांची वही खरी आहे. डबा खोटा होता. खोटा मीं.

इ. स. २०११, मे महिना. भवानीच्या लग्नाला तुम्हीं दोघें गाडीनें तंजावरास आलांत. विळुपुरमजवळ झारीचा दिवा लुकलुकला होता. साहेबांनीं मांडवांत मला सांगितलें, "राणोजी, बल्ब बिघडला असेल, बघ." बल्ब बिघडला नव्हता. गाडी लाखाच्या वर चालली होती. आंतलें लोखंड झिजून फट वाढली होती. पातळ ऑइल तापलें कीं त्या फटींतून निसटतें. वर जाऊन जळतें, तो निळा धूर. खालीं दाब धरीत नाहीं, तो दिवा. पुस्तक चूक नव्हतें, अक्का. पुस्तक नव्या इंजिनासाठीं लिहिलें होतें.

पुढें गॅरेजांत मीं साहेबांस म्हटलें, आतां जाड घालूं, २०डब्ल्यू-५०. ते म्हणाले, "पुस्तकांत आहे कां?" मीं म्हटलें, नाहीं. ते म्हणाले, "पुस्तक लिहिणारे तुझ्यापेक्षां शहाणे आहेत." चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. मला राग आला. पण रागापेक्षां गाडीची दया आली. मग मीं पुस्तकाच्या आंकड्याचा एक जुना डबा ठेवून दिला. ड्रममधलें जाड ऑइल त्यांत भरून ठेवीत असें. साहेब यावयाचे, चष्मा लावावयाचे, आंकडा वाचावयाचे, "ओत" म्हणावयाचे. मीं ओतीत असें आणि मान वर करीत नसें. मीं गॅरेज बंद केलें तोंपर्यंत, आठ वर्षें.

ज्या माणसानें माझ्या हातांत आपली गाडी डोळे मिटून दिली असती, तो माझ्यासमोर डोळे उघडे ठेवून उभा राहात असे, आणि मीं त्यालाच फसविलें. रोज म्हणत असें, उद्यां सांगेन. मग गुडघे गेले, मीं तंजावरास आलों. मग तो रोग आला, बसेस बंद, आणि साहेब गेल्याची खबर फोनवर आली. सांगावयाचें राहून गेलें.

तुमचें पहिलें पत्र आलें तेव्हांहि सांगावयास हवें होतें. तुम्हीं वहीचें इतकें प्रेमानें लिहिलें होतें कीं माझा हात थांबला. साहेबांच्या माघारीं त्यांना खोटें पाडावें, कीं स्वतःला? ह्या गोंधळांत तुम्हांस पुलावर उभें केलें. अय्यो, अक्का, केवढी चूक.

आतां काम. मुरुगेशनला सांगा:

पहिला आंकडा थंडींतला, दुसरा तापल्यावरचा. चेन्नईस थंडी आहे कोठें? तुम्हांस पाकाच्या भाषेंत सांगतों. पाक गार झाला तरी झाऱ्यावरून उतरला पाहिजे, आणि तापला तरी त्याचें पाणी होतां कामा नये. एकदम घट्ट गोळीबंदहि नको, तो सकाळीं इंजिनाच्या वरपर्यंत पोंचत नाहीं. म्हणून आधीं २०डब्ल्यू-४० घालून पाहावें. अर्धा तास चालवून, तापल्यावर उभी करून ठेवावी. दिवा लुकलुकला तर मग ५०. इंजिन धुण्याचीं औषधें कोणी दिलीं तर घेऊं नयेत, पोदुम, पुरे, म्हाताऱ्याला जुलाब देऊं नये.

शिव्या द्यावयाच्या असतील तर मोठ्या अक्षरांत लिहा. चष्मा जुना आहे.

राणोजी

---

तंजावर
३ जानेवारी २०२५

अक्का,

तीन आठवडे झाले, उत्तर नाहीं. भवानी म्हणते फोन करूं. मीं नको म्हटलें. फोनवर तुम्हीं बोललां नाहींत तर तें मला ऐकू येणार नाहीं.

नवव्या तारखेचें एवढें कळवा. दुसरें कांहीं नको.

राणोजी

---

वेळच्चेरी
१४ जानेवारी २०२५, पोंगल

राणोजी भावजी,

बाहेर पोंगलचा गोड भात उतू गेला, शुभ म्हणून धनलक्ष्मीच्या मुली ओरडतायत, आणि मी तुमचं पत्र घेऊन बसलेय. आधी खरं सांगते, राग आला होता. डब्याचा नाही. डब्याचं काय घेऊन बसलात? माझ्या स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्यात साबुदाणा आहे, कॉफीच्या डब्यात मोहरी, आणि ज्यावर "साखर" लिहिलंय त्यात गेली तीस वर्षं मीठ आहे. नव्या सुनेने एकदा चहा केला होता, तेव्हापासून संकेत स्वतः करतो. राग आला तो याचा, की नोव्हेंबरात मी एवढं विचारलं आणि तुम्ही मला पावसाचं सांगितलंत. दोन दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. मग दमले.

मग मुरुगेशनकडे गेले. त्याला म्हटलं, तू बरोबर होतास. तो म्हणाला, "पाटी, गुरुनाथर यार?" म्हणजे तुझा गुरू कोण? मी म्हटलं, जो तुझा तोच माझा. तुमचं नाव ऐकून त्याने कानाला हात लावला.

आधी २०डब्ल्यू-४० घातलं, तुम्ही म्हणालात तसं. धूर कमी झाला. टकटक गेली. पण तापवून उभी केली की झारी हळूच डोळा मारायची. मग ५०. मी बोट बुडवलं. अंगठा लांब केला आणि भावजी, तार आली! चांगली बोटभर, सावकाश, मग तुटली. मुरुगेशन बघतच राहिला. पेरुंगुडीपर्यंत जाऊन आलो, ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभे होतो, झारी गप्प. प्राची तर सिग्नलला गाणं म्हणायला लागली. तमिळ होतं, पण मला सगळं कळलं.

९ तारखेला आरटीओत मी गेलेच. तिथला साहेब तरुण होता. त्याने मला बहुतेक उतरायला सांगितलं. मला ऐकू येत नाही हे त्या दिवशी फार उपयोगी पडलं. मग त्याने प्राचीला खुणेने सांगितलं, बसू दे. धुराची नळी लावली, इंजिन वाढवलं, कागदावर आकडा आला. त्याने बॉनेटवर थाप मारली आणि प्राचीला काहीतरी म्हणाला. नंतर तिने सांगितलं, तो म्हणाला, "ही आमच्या वडिलांच्या गाडीसारखी वाजते." पास! पाच वर्षं! तेवढी मी कुठली जगतेय, पण ती जगेल.

काल भोगीला भंगारवाला आला. ठरल्या वेळी, हातगाडी आणि दोन माणसं घेऊन. आता माणसाला रिकामं कसं पाठवायचं? संकेतचं ते धावायचं यंत्र आहे ना, ज्यावर दोन वर्षं माझ्या साड्या वाळतात, ते देऊन टाकलं. संकेत ऑफिसातून आला तेव्हा हॉलमध्ये हवा खेळत होती. जेवताना म्हणाला, "आई, उद्या मला पण एक फेरी दे." मी म्हटलं, "मागे बस."

आता तुमचं. मी उत्तर लिहिलं नाही ते वही वाचत होते म्हणून. म्हटलं, ह्यांच्यावर प्रश्न आलाय तर सगळी वही वाचून मगच बोलायचं. भिंग लावून, एका पानाला एक दुपार. २०००, २००१, २००२, सगळीकडे तेच. तारीख, किलोमीटर, "ऑइल – १०डब्ल्यू-३०, पुस्तकाप्रमाणे." मधूनमधून "वायपर बदलला." एकदा "राजसने भिंत." एवढंच, दोन शब्द. बघा कसा माणूस! एवढ्या वर्षांनी वाचायला ठेवून गेला.

मग २०११ चं पान आलं. भवानीच्या लग्नानंतरची पहिली सर्व्हिस, १२ जून. तारीख आहे. किलोमीटर आहे. पुढे पुस्तकाचा आकडा नाही. लिहिलंय, "ऑइल – राणोजी."

मला वाटलं चुकून राहिलं. पुढची नोंद बघितली. "ऑइल – राणोजी." त्याच्या पुढची. "ऑइल – राणोजी." शेवटपर्यंत, तुमचं गॅरेज बंद होईपर्यंत, आठ वर्षं. एकदाही आकडा नाही. ज्या माणसाने आयुष्यात एक रिवेट सोडला नाही, त्याने आठ वर्षं आकडा सोडला. तुमच्या डब्यावरचा मोठ्याने वाचला आणि घरी येऊन तो लिहिला नाही. खोटं लिहिता येत नव्हतं त्यांना.

आणि मग मला आठवलं भावजी, इतकं लख्ख की मी भिंग खाली ठेवलं. लग्नाहून आल्यावर त्या जूनमध्येच मी रव्याच्या लाडवाला पाक ठेवला होता. हे आले, तसेच तेलकट हाताचे. अंगठा आणि बोट लांब केलं आणि म्हणाले, "बघ गं, ही तार. एकतारी की दोनतारी?" मी म्हटलं, "मेलं ते तेल दूर करा आधी, पाक चढतोय." तर हे आपले हसतायत. खुर्चीवर बसून हसतायत, चहा पिताना हसतायत. मी विचारलं, "झालं काय?" म्हणाले, "काही नाही. राणोजीचा पाक जमलाय." मला वाटलं, तुम्ही काहीतरी विनोद केला असेल.

त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोटाला कळलं होतं. चार माणसांत तुम्हाला बोलून बसले होते, आणि चूक कबूल करणं त्या माणसाला कुठे येत होतं? म्हणून आठ वर्षं छत्री घेऊन येऊन उभे राहायचे आणि "ओत" म्हणायचे. तुम्ही मान खाली घालून ओतायचात. तुम्ही वर बघितलं असतंत तर कळलं असतं. मला त्यांचा चेहरा माहीत आहे. हसू दाबताना त्यांची डावी भुवई उडायची.

प्राचीला सगळं वाचून दाखवलं. तिने विचारलं, "मग आजोबांनी चुकीचं लिहिलं नव्हतं ना?" मी म्हटलं, नाही.

गुडघ्यांना तेल लावत जा. ते मात्र पातळच बरं.

वहीची पाच पानं कोरी होती. मुरुगेशनने ऑइल घातलं त्या दिवशी संध्याकाळी मी पेन घेतलं. ह्यांच्यासारखी रेघ सरळ आली नाही, आणि किलोमीटर प्राचीला विचारून लिहिले. पुढचं मात्र कोणाला विचारलं नाही. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली, माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं:

ऑइल – राणोजी.

तुमची
राजसअक्का